वाट पाहण्याचा खर्च कोणाचा?

देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावात पंचायत समितीचा माणूस आला, की ओसरीवरून विचारणा होते, ‘आमचं नाव आलं का?’ कशात, ते सांगावं लागत नाही. घरकुलाच्या यादीत. गोंदिया जिल्ह्यात मातीच्या भिंती आणि वर कवेलू असलेली घरं आजही मोठ्या संख्येने आहेत. मे महिन्यात कवेलू फेरायचे, मोडके बदलायचे, पोपडे सुटलेल्या भिंतीला पुन्हा लिंपायचं, हा दर वर्षीचा खर्च. ज्यांना ‘यंदा नाव येईल’ असं सांगितलं गेलेलं असतं, ते पुष्कळदा हा खर्च टाळतात. पाडायच्याच घरावर पैसे कशाला घालायचे? नाव येत नाही आणि पावसाळा मात्र येतो.

या प्रतीक्षेला मोठा इतिहास आहे. इंदिरा आवास योजना 1985-86 मध्ये सुरू झाली. 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने घेतली आणि लाभार्थी निवडण्यासाठी 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेचा आधार घेतला गेला. हेतू चांगला होता. गावातल्या पुढाऱ्याच्या मर्जीवर ठरणारी यादी जाऊन भिंत, छप्पर आणि खोल्या मोजणारी यादी आली. पण 2011 मध्ये जो मुलगा बापाच्या घरात राहत होता, त्याचं पुढे लग्न झालं, चूल वेगळी झाली, तो या यादीत कुठेच नव्हता. अशा सुटलेल्यांसाठी 2018-19 मध्ये ‘आवास प्लस’ची नोंदणी झाली, गावात तिला ‘ड यादी’ म्हणतात. त्यानंतरही राहिलेल्यांसाठी 2024-25 मध्ये मोबाइल अॅपवरून पुन्हा सर्वेक्षण झालं. याद्या वाढत गेल्या. प्रत्येक नव्या यादीबरोबर जुन्या यादीतल्या माणसाच्या मनात एक शंकाही वाढली: आपला नंबर पुढे सरकला की मागे?

त्यात पात्रतेच्या अटी मधेच बदलल्या. दुचाकी असलेलं किंवा फ्रिज असलेलं कुटुंब आधी आपोआप बाद होत असे. धानाच्या रोवणीला शेजारच्या गावी जाण्यासाठी मजुराने घेतलेली जुनी मोटरसायकल त्याचं घर हिरावून घेत होती. 2024 मध्ये या अटी काढल्या आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजारांवर नेली. हा निर्णय योग्यच. पण मधल्या वर्षांत त्या अटीमुळे जे बाद झाले, त्यांची गेलेली वर्षं कोणत्याही रकान्यात भरता येत नाहीत.

एकाच गल्लीत राहणाऱ्या चार कुटुंबांचे मार्गही वेगवेगळे असतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना, आणि 2023 पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. गोंदियात पोवार, कुणबी, कोहळी, लोधी हे मोठे समाज या शेवटच्या गटात येतात. प्रवर्गनिहाय उद्दिष्ट ठेवण्यामागे न्याय आहे, तो सोडू नये. पण आपल्या प्रवर्गाची यादी कोणती, तिच्यात आपण कितवे आणि यंदाचं उद्दिष्ट किती, हे घरी कोणी समजावून सांगत नाही. मग शेजाऱ्याचं नाव आधी आलं की संशय शेजाऱ्यावर जातो. व्यवस्थेच्या गप्प बसण्याची शिक्षा गावातल्या नात्यांना होते.

जागेचा प्रश्न तर याहून अवघड. घरकुलासाठी स्वतःच्या नावाची जागा लागते. भूमिहीनांना जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मिळणारं साहाय्य 50 हजारांवरून 1 लाखापर्यंत वाढवलं गेलं. पण नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास किंवा सालेकशाच्या डोंगराळ भागात गावाला लागून जंगल सुरू होतं, तिथे विकत घ्यायला गावठाण उरलेलं नसतं. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासींना लगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची मुभा देणारी अधिसूचना काढली. शेजारच्या गडचिरोलीतल्या अनुसूचित गावांना तिचा आधार मिळतो. देवरीत आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे, तरी गोंदिया जिल्ह्यातलं एकही गाव राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात नाही. त्यामुळे जंगल तेच, समाज तोच, तरी जिल्ह्याची सीमा ओलांडली की हक्क बदलतो. अशा कुटुंबाचं नाव यादीत वर आलं तरी त्याला उपयोग नाही.

आणि नाव आलं, जागाही आहे, असं धरून चालू. इथून खरी परीक्षा सुरू होते, आणि तिची चर्चा फारच कमी होते. अनुदान सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात 1 लाख 30 हजार. हे आकडे 2016 चे. राज्याने 2025 मध्ये वर 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार सौर पॅनेलसाठी. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. पैसे हप्त्यांनी येतात. पहिला हप्ता 15 हजारांचा, पुढचे जोता, भिंती, छत अशा टप्प्यांचे फोटो जिओ-टॅग झाल्यावर. बहुतेकांकडे दुसरी जागा नसते, म्हणून राहतं घर पाडून त्याच जागी नवं बांधावं लागतं. पाडलं त्या दिवसापासून कुटुंब कुठे राहतं? परसात ताडपत्री बांधून, गोठ्यात, नाहीतर भावाच्या पडवीत. हप्ता अडकला, रेती मिळाली नाही, गवंडी दुसऱ्या कामावर गेला, की काम जूनच्या पलीकडे जातं. मग अंथरूण, धान्याची पोती आणि शाळेत जाणारी मुलं सगळी त्या ताडपत्रीखाली. या महिन्यांसाठी योजनेत एक रुपयाचीही तरतूद नाही.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात घर पाडलं, की नवं घर मिळेपर्यंत विकासकाने संक्रमण शिबिर द्यावं किंवा भाडं भरावं लागतं. भाडं थकतं, तक्रारी होतात, न्यायालयात जावं लागतं, हे सगळं खरं. पण ‘मधल्या काळात माणूस कुठे राहील’ हा प्रश्न तिथे नियमांत लिहिलेला आहे. 2020 मध्ये टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाल्यानंतर केंद्राने शहरांसाठी परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आणली. खेड्यासाठी मात्र भाडं हा शब्दच धोरणात नाही. खेड्यात प्रत्येकाचं काही ना काही छप्पर असतंच, असं गृहीत धरलेलं आहे. निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये चमेली सिंग खटल्यात म्हटलं. त्या हक्काला शहर आणि खेडं असा भेद माहीत नाही.

श्रीमंत देशांनीही हा प्रश्न सोडवलेला नाही. अमेरिकेत 1974 पासून भाड्याला सरकारी मदत देण्याची पद्धत आहे, पण पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच ती मिळते. बाकीचे यादीत, आणि अनेक शहरांत यादीच बंद.

उत्तर शोधायला इतकं लांब जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि त्यात एक विलक्षण कलम घातलं: मागणी केल्यावर 15 दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा. 2005 च्या केंद्रीय कायद्यानेही हेच तत्त्व घेतलं. भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांना मिळाला, हे मान्य. पण उशीर झाला तर त्याचा खर्च शासनाचा, मजुराचा नाही, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा आली. घरकुलाच्या बाबतीत उशिराचा सगळा खर्च लाभार्थ्याच्या माथी आहे. दुरुस्ती न केलेली भिंत त्याची, महागलेलं सिमेंट त्याचं, सावकाराचं व्याजही त्याचंच.

पैसा कुठून आणायचा, असा आक्षेप येईल. फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्यात 20 लाख घरकुलांच्या मंजुरीची पत्रं एकाच समारंभात देण्यात आली. इतक्या घरांना चार-सहा महिन्यांचा निवारा भत्ता द्यायचा तर रक्कम मोठी होईल, हे खरं. पण तो सरसकट द्यावा लागत नाही. राहतं घर पाडूनच बांधावं लागणाऱ्या कुटुंबाला तो द्यावा, आणि हप्ता शासनाकडून अडकला तर त्या दिवसांचा वाढीव द्यावा. जोत्याचा फोटो काढणाऱ्या यंत्रणेला पाडलेल्या घराचा फोटो काढणं अवघड नाही. गैरवापराची भीती खरी असली, तरी ती कोट्यवधींच्या कंत्राटांमध्येही असते आणि म्हणून तिथे कामं थांबत नाहीत.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. धानाचा हंगाम संपताच, म्हणजे डिसेंबरच्या आत, मंजुरी आणि पहिला हप्ता दिला तर जूनपूर्वी छत पडू शकतं. मार्चअखेरचं उद्दिष्ट गाठण्यासाठी घाईने वाटलेली मंजुरी गोंदियाच्या पावसात कुटुंबाला उघड्यावर आणते. आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ग्रामसभांत प्रत्येक प्रवर्गाची यादी क्रमांकासह मोठ्याने वाचली जावी: कोण कितवा, गेल्या वर्षी कितव्यापर्यंत मंजुरी पोचली, कोणाचं नाव कोणत्या अटीखाली गेलं आणि त्यावर अपील कुठे करायचं. हे वाचून दाखवण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर टाकावी आणि वाचल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी.