हिशेब फक्त एकाला

मागे एका व्याख्यानमालेत वक्ते म्हणाले, रोमची जनता मुळातच चहाटळ. तिला भाकरी, खेळ आणि कंड्या एवढंच हवं असे, म्हणून शहाण्या सम्राटांनी राज्यकारभाराच्या गोष्टी झाकून ठेवल्या. आपणही तेच करायला हवं. साक्षीला रोमन इतिहासकार टॅसिटस काढला होता. टाळ्या पडल्या. गाव तापलं की आपल्याकडे आधी इंटरनेट बंद होतं आणि मग 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असं सांगत भोंग्याची गाडी फिरते. मग ठेवायचा कशावर, ते गाडी सांगत नाही. तेव्हा टाळ्यांचं नवल वाटलं नाही. पण टॅसिटसला त्या बाजूने उभं करणं म्हणजे फिर्यादीलाच आरोपीचं वकीलपत्र देणं.

अफवा सम्राटांच्या आधीही होतीच. कवी व्हर्जिलने तिला अंगभर डोळे, कान आणि जिभा असलेली राक्षसी केलं. सीझरने इ.स.पू. 59मध्ये सिनेटचं कामकाज आणि रोजच्या घडामोडी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पहिला सम्राट ऑगस्टसने त्यातलं सिनेटचं कामकाज प्रसिद्ध करणं बंद केलं. हे सगळं निर्विवाद आहे. नीरो आणि 64 सालची आग तर शाळेपासून पाठ आहे, ती सोडून देतो.

घोळ होतो तो ऑगस्टसपाशी. सम्राट आले, बातम्यांना कुलूप लागलं आणि उपाशी जनता कुजबुजू लागली, असं सर्रास समजलं जातं. कुलूप कुठलं? जाहीर मजकुराचा असा सुकाळ रोमने आधी पाहिला नव्हता. नाण्यांवर घोषणा, चौकाचौकांत शिलालेख. ऑगस्टसने स्वतःच्या कर्तृत्वाची जंत्री ब्राँझवर कोरून आपल्या समाधीपुढे लावायला सांगितली.

मग बदललं काय? इ.स.पू. 27च्या सत्तेच्या फेरमांडणीबद्दल लिहिताना इतिहासकार डिओ कॅसिअसने ते नेमकं पकडलं आहे. हा स्वतः सिनेटर, दोन शतकांनंतरचा. तो म्हणतो, पूर्वी प्रकरणं सिनेटपुढे आणि लोकांपुढे येत. लिहिणारे भीतीने, लोभाने, वैराने रंग चढवत, पण चार जणांचं लिखाण आणि सरकारी दप्तर ताडून पाहिलं की खरं सापडे. पुढे बहुतेक गोष्टी गुपचूप होऊ लागल्या, आणि जे जाहीर होई त्यावरही कुणाचा विश्वास बसेना, कारण पडताळायला दुसरी जागाच उरली नव्हती. हे 'जाहीर होई त्यावरही' वाचताना सगळ्यांच्या नजरेतून निसटतं. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

पडताळणीची ही जागा बुजवतानाचा एक क्षण टॅसिटसने टिपला आहे. इ.स. 14. ऑगस्टस नुकताच वारलेला. बेटावर हद्दपार असलेला त्याचा नातू अग्रिप्पा पोस्टुमस लगेच मारला जातो. सेंच्युरियन, म्हणजे फौजेतला अधिकारी, येऊन नवा सम्राट टायबेरियसला कळवतो, हुकूम बजावला. टायबेरियस म्हणतो, मी असा हुकूम दिलाच नाही, याचा जाब सिनेटपुढे द्यावा लागेल. हे ऐकून सम्राटाचा विश्वासू सल्लागार सॅलस्टियस क्रिस्पसच्या पोटात गोळा उठतो, कारण चिठ्ठी त्यानेच धाडलेली असते. तो टायबेरियसच्या आईला, लिव्हियाला गाठून सांगतो: घरातली गुपितं, मित्रांचे सल्ले, शिपायांच्या कामगिऱ्या बाहेर जाऊ देऊ नका. सगळं सिनेटकडे नेऊन टायबेरियसने सत्ता ढिली करू नये. राज्याचा हिशेब एकालाच दिला तर जुळतो.

बोलणं मुनीमजीच्या थाटाचं आहे. पण सॅलस्टियस लोकांना घाबरलेला नाही. त्याला भीती आहे ती सिनेटची, म्हणजे उलटतपासणी होऊ शकेल अशा जागेची.

पुढचं ओघाने आलं. टायबेरियसनंतरच्या कॅलिग्युलाने नवे कर लावले, पण त्यांचा मजकूर कुठे लावलाच नाही. लोकांनी ओरड केल्यावर लावला, तोही बारीक अक्षरांत आणि इतक्या अडचणीच्या जागी, की कुणाला उतरवून घेता येऊ नये. आपल्याकडे भिंतींना कान असतात. टायबेरियसच्या रोममध्ये छतालाही होते. टिटियस सॅबिनस नावाच्या एका प्रतिष्ठिताला सम्राटाविरुद्ध बोलतं करण्यासाठी तीन सिनेटर छत आणि छपराच्या मधल्या पोकळीत फटींना कान लावून बसले होते. नीरोच्या काळात सिनेटर थ्रेसिया पीटसवर किटाळ आलं, तेव्हा फिर्यादीने सम्राटाला सांगितलं, प्रांतांत आणि छावण्यांत रोजची सरकारी बातमीपत्रं बारकाईने वाचली जातात, ती थ्रेसियाने काय केलं नाही हे शोधायला. अशा वाचकांना चहाटळ कसं म्हणायचं?

टॅसिटसही काही धुतल्या तांदळासारखा नाही. टायबेरियसने पोटच्या मुलाला विष दिलं ही वावडी तो चवीने सांगतो आणि मग ती कशी खोटी ते समजावतो. सांगून तर झालेलं असतं.

आता जर्मॅनिकसचं पाहा. लोकांचा लाडका हा सेनापती इ.स. 19मध्ये सिरियात आजारी पडला. तो जिवंत असताना तिथून निघालेले व्यापारी बऱ्या तब्येतीची खबर घेऊन रोमला आले आणि तो बरा झाल्याची कंडी रातोरात पिकली. लोक मशाली घेऊन कॅपिटॉलवर धावले, देवळांचे दरवाजे उखडायला आले. टायबेरियसने खुलासा केला नाही, बातमी आपोआप विरू दिली. प्रत्यक्षात जर्मॅनिकस मेलेला होता. पुढच्या वर्षी, त्याला विष दिल्याचा संशय असलेल्या सिरियाच्या सुभेदार पिसोवर खटला चालला आणि निकालाआधीच तो मेलेला सापडला. 10 डिसेंबर 20च्या ठरावात सिनेटने सगळी हकिकत मांडली, पिसोने स्वतःच जीव दिल्याचं नोंदवलं आणि फर्मावलं की हा मजकूर ब्राँझवर कोरून प्रत्येक प्रांतातल्या सर्वांत वर्दळीच्या शहरात आणि प्रत्येक फौजेच्या हिवाळी छावणीत लावावा. त्याच्या प्रती विसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण स्पेनमध्ये सापडल्या. दीडशेहून अधिक ओळी आजही वाचता येतात.

ठरावानंतर शंभरेक वर्षांनी टॅसिटस लिहायला बसला. तरुणपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं त्याने तरीही नोंदवून ठेवलं: पिसोच्या हातात एक कागद दिसत असे, त्यात सम्राटाची पत्रं होती म्हणत, आणि त्याला मारेकऱ्याकरवी संपवलं होतं.