कुठली रांग?

2011 च्या एप्रिलमध्ये आम्ही तीन कुटुंबं अटलांटाहून विडेलियाला कांदा बघायला गेलो. मी निफाडकडचा, त्यामुळे बाकीच्यांना ही सहल जरा चमत्कारिक वाटली तरी मला नाही. तिथला कांदा गोड आणि चपटा. फार लाडका; जॉर्जियातल्या ठरावीक काउंट्यांत पिकला तरच त्याला विडेलिया म्हणायचं, असा 1986 चा राज्याचा कायदा आहे. शेतात मात्र सगळं ओळखीचं. वाकलेल्या पाठी, पात आणि मुळ्या छाटणारे हात, भरत जाणाऱ्या बादल्या. आमच्याकडे विळा, तिथे कात्री.

पुढच्याच महिन्यात गव्हर्नर नेथन डील यांनी बेकायदा स्थलांतरितांविरुद्धच्या कायद्यावर सही केली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवताना कुणीतरी म्हणालं, "रीतसर यायला काय होतं यांना? आपण नाही का रांगेत उभे राहिलो?" मीही मान डोलावली.

कायदा लागू होण्याआधीच माणसं निघून गेली. राज्याच्या शेतीखात्याने शेतकऱ्यांना विचारलं तेव्हा 11 हजारांहून जास्त हात कमी पडत असल्याचं दिसलं. मग प्रोबेशनवरच्या बेकार लोकांना काकडी तोडायला पाठवायची कल्पना निघाली. पहिल्या दिवशी त्यातलं कुणीही संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. वाकून करायच्या कामाला कौशल्य लागत नाही, हे कधी न वाकलेल्यांचं मत.

त्याच वर्षी युटा राज्याने उलटी वाट धरली. कागदपत्रं नसलेल्यांनी दंड भरावा, पार्श्वभूमी तपासून घ्यावी आणि दोन वर्षांचा कामाचा परवाना घ्यावा, असा कायदा केला. 2013 पासून परवाने मिळायचे होते. पण देशात कुणाला राहू द्यायचं हे वॉशिंग्टन ठरवतं. तिथून मंजुरी आली नाही आणि तारीख पुढे पुढे जात राहिली. निदान या माणसांना कामावर ठेवायचं आहे हे युटाने उघड कबूल केलं, म्हणून मला तो न चाललेला कायदा अजून आठवतो.

ती रांग नेमकी कुठली, हे मी पुष्कळ उशिरा शोधलं. शेतमजुरासाठी एच-टू-ए व्हिसा आहे. अर्ज मालकाने करायचा, काम हंगामापुरतं, हंगाम संपला की परत. वीस हंगाम आला तरी त्यातून ग्रीन कार्डाकडे वाट निघत नाही. म्हणजे रांग नव्हतीच. माझा एच-वन-बीही मालकाच्याच सहीवर चालायचा. नोकरी बदलायचं मनात आलं की पगाराआधी मी व्हिसाचा विचार करायचो. बायको शिकलेली, पण 2015 पर्यंत तिला कामाची परवानगी नाही. एका देशाच्या वाट्याला सात टक्के ग्रीन कार्डं या नियमामुळे आमची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. तरी ती आहे, आणि तिच्यात उभं राहायला मला वातानुकूलित जागा मिळाली.

2021 मध्ये विडेलियाच्याच भागातल्या एका प्रकरणात 24 जणांवर केंद्राच्या वकिलांनी आरोपपत्र दाखल केलं. रीतसर व्हिसावर आणलेल्या मजुरांकडून बेकायदा पैसे उकळले, कागदपत्रं काढून घेतली, बंदुकीचा धाक दाखवून नुसत्या हातांनी कांदा उकरायला लावला, बादलीमागे 20 सेंट दिले, असे आरोप. वाचताना मला बीडकडचे ऊसतोड कामगार आठवले. तिथे मुकादमाची उचल डोक्यावर असते म्हणून कोयता खाली ठेवता येत नाही. इथे व्हिसाचं देणं. अशा मजुरांना 'पाहुणे कामगार' म्हणतात; हा शब्द कुणी काढला कोण जाणे. आमच्याकडे पाहुण्याला उठून साधं पाणीसुद्धा घेऊ देत नाहीत.

यंदाही एप्रिलमध्ये विडेलियाची पिशवी आणली. फोनवर आईने विचारलं, "तिकडं कांद्याला मजूर मिळतात का रे?"

"मिळतात."

"एकरी काय घेतात?"

"बादलीवर असतं," म्हणालो, आणि चाळीतला कांदा कितपत टिकलाय ते विचारलं.