ऐकीव बातमी आणि मोमिनची जबाबदारी

खोटे बोलणे म्हणजे काय? जे खरे नाही हे ठाऊक असूनही ते सांगणे, अशी व्याख्या आपण सहज करतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण याहून काटेकोर आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत राहणे, एवढेही माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आली आहे. वाचकहो, येथे प्रश्न उभा राहतो : ज्याला कोणाला फसवायचेच नव्हते, तो खोटा कसा?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. भिक्षा मागून जगणारे ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्या काळात मोबाइलवरून अशा टोळ्यांच्या अफवा फिरत होत्या. त्या पुढे पाठविणाऱ्यांपैकी कित्येकांचा हेतू मुलांच्या रक्षणाचाच असेल. पण हेतू शुद्ध असल्याने ती पाच माणसे वाचली नाहीत. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, आणि त्याचे कारणही तेथेच सांगितले आहे : अजाणतेपणी कोणाला इजा पोहोचू नये व मागाहून पश्चात्तापाची वेळ येऊ नये.

बातमी सांगणारा न बोलताही एक ग्वाही देत असतो : ‘हे मला ठाऊक आहे.’ ठाऊक नसताना दिलेली ही ग्वाही असत्यच होय. मग ती बातमी योगायोगाने खरी निघाली तरीही.

या हिवाळ्यात आमच्या गावातील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांची सहल एका दैनिकाच्या कार्यालयात गेली होती; मीही सोबत होतो. वार्ताहराने पाठविलेल्या मजकुरातील नावे, वय, ठिकाण उपसंपादक ताडून पाहत होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे मिळाले नाही म्हणून एक बातमी त्यांनी रोखून धरली. पुढे जाहिरातीसाठी वीस ओळींची बातमी सहा ओळींवर आली, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, या सहाही ओळी खऱ्या आहेत, पण बातमी खरी राहिली का?” उपसंपादक म्हणाले, “मथळा देताना रोज हाच प्रश्न आम्हालाही पडतो.”

हदीसशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला होता. कथन करणारा कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, ज्याच्याकडून ऐकले त्याला तो भेटला होता का, हे मुहद्दिसीन तपासत. एखादा रावी उघड खोटे न बोलता मधला दुवा झाकून टाकी, जणू त्याने ते थेट ऐकले आहे. या प्रकाराला ‘तद्लीस’ म्हणत आणि तो दोष मानला जाई. शब्द खरे, परंतु उमटणारा समज खोटा. कापलेली चित्रफीत किंवा भडक मथळा याहून वेगळे काय करतो?

येथे आपली स्वतःचीही परीक्षा आहे. आपल्या समाजाविषयी खोटी बातमी आली की आपण पुरावा मागतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याला सुखावणारी, आपल्या विरोधकाला खाली पाडणारी बातमी आली की तोच पुरावा आपण मागतो का? सूरह अन्-निसाची १३५वी आयत स्वतःच्या व आप्तांच्या विरोधात जाणारीही सत्य ग्वाही देण्यास सांगते.

मग सर्वांवरच संशय घ्यावा का? नाही. ज्या सूरहमध्ये शहानिशेचा आदेश आहे, तिच्याच बाराव्या आयतीत अतिसंशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे. भोळेपणा आणि संशयखोरपणा दोन्ही चौकशीचे कष्ट टाळतात. मोमिनचा मार्ग या दोहोंमधून जातो : विचारावे, थांबावे, आणि कळले नाही तर मौन पाळावे.

आपल्या मुलांना घरातच तीन प्रश्नांची सवय लावा : हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले? यातून काय गाळले गेले आहे? कान, डोळे आणि अंतःकरण यांच्याविषयी जाब विचारला जाणार आहे, असे कुरआन बजावतो. संदेश पुढे पाठविणारे बोटही त्या हिशेबाबाहेर कसे राहील?

अल्लाह आपल्या जिव्हांना आणि हातांना सत्याचे अमानतदार बनवो. आमीन.