मिस्त्री, मालक आणि मागे बसणारा

आज जो प्रश्न मांडावयाचा आहे तो पोथीतला नाही, रस्त्यावरचा आहे. मोटारसायकलीची दुरुस्ती आपली आपण करावी, की ती मिस्त्रीच्या स्वाधीन करावी? कोणी म्हणेल, महाराजांना हे कोठून सुचले? कारण असे की आम्ही गाडी चालवीत नाही, आम्ही मागे बसतो. हिंगणघाटच्या चहूकडच्या खेड्यांतून सप्ताहाचे बोलावणे येते, न्यायला कोणीतरी गाडी घेऊन येतो, आणि नवाला उभे राहिलेले कीर्तन अकराला आवरले की त्याच गाडीवरून परत येणे होते. नागपूर-हैदराबाद हमरस्ता आमच्या गावावरूनच जातो. रात्री त्यावरून मालमोटारींची रांग तुटत नाही. त्या वेळी आमचा जीव दोन ब्रेकांवर असतो, आणि ते ब्रेक ज्याने बांधले त्याचे तोंडही आम्ही पाहिलेले नसते. तेव्हा विश्वास कोणावर ठेवावा, हा विचार आम्हाला चुकत नाही.

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. दोन्ही आमच्याच फडातली.

पहिले मत एका तरुण टाळकऱ्याचे. तो मोबाईलवर पाहून गाडीचे सगळे काम घरीच करतो. आम्हाला बसवताना म्हणतो, "महाराज, गाडी म्या सोताच्या हातानं बांधली, बिनधास्त बसा." त्याच्या म्हणण्याला आधार आहे, तोही सांगितला पाहिजे. एका गॅरेजातून दुरुस्त होऊन आलेली गाडी त्याने घरी निरखून पाहिली, तर मागच्या ब्रेकची पट्टी धरणाऱ्या नटात घालावयाची फुटीर पिन घातलीच नव्हती. पिन म्हणजे तारेचा दोन पायांचा तुकडा, किंमत काही नाही. पण ब्रेक दाबला की चाकातली ब्रेकची थाळी चाकाबरोबर फिरू पाहते, तिला ही पट्टी अडवून धरते. पिन नसेल तर नट हादऱ्याने सैल होत जातो. एके दिवशी पट्टी सुटते, थाळी गरकन फिरते आणि धावते चाक जागच्या जागी अडकू शकते. मागे कोणी बसले असेल तर त्याचे काय होईल ते सांगायला नको. टाळकरी विचारतो, पैसे घेणाऱ्याने असे करावे, तर आपले आपण का करू नये?

दुसरे मत एका वयस्क माळकऱ्याचे. "गाडीचं मले काय समजते? मिस्त्री जाने." हेही वरवर शहाणपणाचे दिसते. गावगाड्यात बैलगाडीचा आख सुतार पाही, चाकाची धाव लोहार चढवी, शेतकरी त्यात हात घालीत नसे. पण बारकाईने पाहा. तोच शेतकरी वंगण स्वतः घाली, चाक करकरले की कोणत्या अंगाने करकरते ते त्याला ठाऊक असे, आणि आरा हलू लागला की तो सुताराच्या दारात आपणहून जाई. आमच्या माळकऱ्याने मात्र सहा महिने टायरात हवाही पाहिली नाही. याला विश्वास म्हणावे, की बेफिकिरीला दिलेले साजरे नाव म्हणावे?

आमच्या वर्धा जिल्ह्यात पहिल्या मताला जरा जास्त मान मिळतो. सेवाग्राम आणि पवनार ही नावे जवळची, आणि आपले काम आपल्या हाताने करावे हा संस्कार इथल्या मातीत मुरलेला. पण स्वावलंबनाचा अर्थ सगळे यंत्र आपणच उघडावे असा गांधीजींनी तरी केला होता काय? १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा खेड्यातल्या झोपडीत चालावा, बाईमाणसाला आठ तास थकवा न येता फिरवता यावा, आणि वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षे मोठ्या दुरुस्तीशिवाय टिकावा. वर्षाच्या देखभालीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही, ती गोष्ट वेगळी. येथे चरखा घडवणारा कारागीर वेगळा, तो राखणारा वेगळा, आणि राखणाऱ्यावर 'वेळच्या वेळी' हे बंधन घातले आहे. कारागिराला कोणी हाकलून दिलेले नाही.

याहून जवळचा दाखला खुद्द हिंगणघाटात आहे, आणि तो आमच्याच गावच्या पुष्कळांना ठाऊक नाही. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी ज्याने सुरू केली तो विल्यम लॅम्बटन हैदराबादेकडून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी येथेच वारला. त्याची कबर येथे आहे. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र तीन फूट व्यासाचे, सुमारे अर्धा टन वजनाचे, लंडनहून करवून आणलेले. १८०८ साली तंजावरला, म्हणजे सरफोजी राजांच्या मराठी राजधानीत, जेथून आपले कीर्तन दक्षिणेत रुजले त्या गावी, मोठ्या देवळाच्या गोपुरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे पितळी वर्तुळ वाकले. ज्याने बनवले तो कारागीर समुद्रापार. लॅम्बटन तंबूत शिरला आणि मुख्य कारागिरांखेरीज कोणाला आत येऊ दिले नाही. यंत्र पूर्ण सुटे केले, लाकडी फळीवर हव्या तेवढ्या मापाचे वर्तुळ कोरले, आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून वाकलेले वर्तुळ हळूहळू ताणून त्यात बसवले. वाकलेले आरे लहान लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केले. सहा आठवडे लागले.

आमचा टाळकरी म्हणेल, पाहा, साहेबानेही स्वतःच केले! होय, पण कसे केले ते पाहावे. तज्ज्ञ जवळ नव्हता म्हणून केले. अनेक वर्षे त्या यंत्राने काम करून त्याचा कण न् कण जाणलेला होता म्हणून केले. आणि एकट्याने केलेच नाही, धातूत हात मुरलेले कारागीर बरोबर घेतले. इतके करूनही यंत्र पूर्वीसारखे झाले असा हट्ट पुढच्यांनी धरला नाही. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली हेन्री बॅरो नावाचा यंत्रकारागीर मुद्दाम इंग्लंडातून आणला आणि त्याच्याकडून ते यंत्र नव्याने उभे करविले. बॅरोच्या जागेवर पुढे अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन आले, त्यांच्या हुशारीची एव्हरेस्टने वाखाणणी केली आहे. तंबूतली दुरुस्ती ही अडल्या वेळची होती, तिला कायमची समजले नाही, यात आम्हाला लॅम्बटनच्या धाडसापेक्षाही जास्त शिकण्यासारखे वाटते. शिवाय यंत्र चुकले असते तर नकाशा चुकला असता. ब्रेक चुकला तर काय होईल?

आता मिस्त्री कसा ओळखावा? आमची पाठशाळेतली घोकंपट्टी येथे उपयोगी पडते. न्यायशास्त्रात चार प्रमाणे मानली आहेत, त्यांतले चौथे शब्द, म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन मोठ्या मनाने सांगतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू आहे. मग मिस्त्रीला का नाही? त्याचे हात तेलकट असले म्हणून त्याचे प्रमाण कमी होत नाही. मात्र दोन्ही गोष्टी हव्यात. जाणतो पण लपवतो, तो आप्त नव्हे. मनाचा सरळ पण जाणत नाही, तोही नव्हे. मोबाईलमधला गुरू या कसोटीला लावून पाहा. तो जाणता असेल, खराही असेल, पण त्याने जाणली ती त्याच्या पुढ्यातली गाडी, तुमची नव्हे. तुमचा नट किती आवळला गेला हे त्याला दिसत नाही, आणि तुमचा हात चुकला तर "थांब" म्हणायला तो तेथे नसतो.

चरकाचार्यांनी वैद्याचे चार गुण सांगितले: शास्त्राचे स्वच्छ ज्ञान, कर्म अनेकवार पाहिलेले असणे, हातातली सफाई आणि शुचिता. मिस्त्रीकडे जाताना हेच चार पाहावेत. तिसरा गुण लवकर दिसतो, चौथा लवकर दिसत नाही. काढलेला जुना भाग जो न मागता हातात देतो, आणि एबीएससारख्या विजेच्या भानगडीत "हे माझ्याच्यानं होत नाही, कंपनीत न्या" असे जो मोकळेपणी म्हणतो, त्याच्याजवळ चौथा आहे असे समजावे. (१२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. त्यातला दोष पान्याने सापडत नाही.)

पण चरकाचार्य वैद्यावर थांबत नाहीत, आणि आमच्या मते सगळे मर्म पुढेच आहे. ते रोग्याचेही चार गुण सांगतात: स्मरण, सांगितलेले करणे, न भिणे, आणि आपला रोग सांगता येणे. शुश्रूषा करणाऱ्याचेही चार सांगतात, त्यांत ज्ञान आहे, दक्षता आहे, आपुलकी आहे, शुचिता आहे. गाडी मुकी. तिच्या वतीने बोलणारा आणि तिची शुश्रूषा करणारा, दोन्ही तिचा मालकच. ऑईल कधी बदलले याचे स्मरण त्याला हवे. "ब्रेक बरोबर नाही" एवढ्याने भागत नाही. दाबल्यावर करकरते, की पायदान फार खाली जाते, की पकडून सोडतच नाही, हे त्याला सांगता आले पाहिजे. आमचे वयस्क माळकरी येथे चुकतात. मिस्त्रीवर त्यांचा विश्वास आहे खरा, पण मिस्त्रीला लागणारी खबर ते देत नाहीत.

आमचा मृदंगवादक पाहा. कीर्तनाआधी धुमेला कणीक तो स्वतः लावतो, गट्टे ठोकून सूर स्वतः मिळवतो. ते काम दुसऱ्यावर टाकणारा मृदंगवादक आम्ही पाहिला नाही. पण पुडी फाटली की तो सुई-दोरा घेऊन बसत नाही, मृदंग घडवणाऱ्याकडे जातो, आणि पुडी चढवून आली की आधी वाजवून पाहतो, मगच बिदागी देतो. रोजचे आपल्या हाती, मोडलेले जाणत्याच्या हाती, आणि परत आल्यावर पारख पुन्हा आपली. गाडीलाही आम्ही हाच न्याय लावतो. टायर थंड असताना हवा पाहणे, साखळीला तेल देणे आणि तिचा ढिलेपणा पुस्तिकेत दिला आहे तेवढा आहे की नाही हे पाहणे, दिवे, ऑईलची पातळी, ही शुश्रूषा मालकाची. तीही जपून करावी. इंजिन चालू ठेवून साखळी फडक्याने पुसू नये. फडके दात्यात ओढले जाते आणि बोटे त्याच्यामागे जातात. बंद खोलीत गाडी चालू ठेवू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणसाला कळण्याआधीच तो घेरतो.

ब्रेकचे मात्र वेगळे. ऑईल थोडे कमी पडले तर मालकाचे नुकसान होते, ब्रेक चुकीचा बांधला तर तो वाड्यात उभ्या गाडीवर ठीकच वाटतो आणि चूक उताराला, पावसात, दुसऱ्याच्या देहावर उघडी पडते. डिस्क ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. जुने तेल तापले की त्यात वाफ धरते आणि मूठ पोकळ लागते. त्याजागी घरातले इंजिन ऑईल ओतणारा मनुष्य आम्ही ऐकला आहे. त्याने आतली रबरे फुगतात. टाळकऱ्याला आम्ही म्हणालो, "बापा, तुझ्या देहावर तुला वाटेल तो प्रयोग कर. पण मागे बसलेला ही तुझ्याकडे ठेवलेली ठेव आहे. ठेवीवर प्रयोग करता येत नाही."

तो म्हणाला, "मग त्या पिनेचं काय? मिस्त्रीनं केली ना ठेवीची माती?" उत्तर द्यावेच लागले. मिस्त्रीची चूक चूकच. पण ती सापडली कशाने? पान्याने नव्हे, याच्या डोळ्याने. बांधणारा हात एक आणि पाहणारा डोळा दुसरा, म्हणून सापडली. त्याने स्वतःच बांधून स्वतःच पाहिले असते तर पिन राहिली असती तरी "घातली" असेच त्याला दिसले असते. आपल्या हाताची चूक आपल्या डोळ्याला फार उशिरा दिसते. पोथीची नक्कल करणारे लेखक म्हणूनच दुसऱ्याकडून ताडून घेत. हे त्याला पटले. आता तो ब्रेक स्वतः खोलला तरी चौकातल्या मिस्त्रीला दाखवून घेतो, आणि मिस्त्रीने केलेले काम घरी येऊन नट न् नट पाहतो. मिस्त्रीला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

एक गोष्ट मात्र बोलून टाकतो. कीर्तनाची बिदागी देताना आमच्याशी कोणी घासाघीस करीत नाही. तेच यजमान ब्रेकचे जोड घेताना मिस्त्रीला "लोकल टाक, चालते" म्हणतात आणि मजुरीचे वीस रुपये कापून घेतात. तसे करू नये. कंपनीचे जोड घ्यावेत, मजुरी पुरी द्यावी, आणि तो जुने जोड कागदात गुंडाळून देईल तेव्हा "फेकून दे" म्हणू नये. घरी आणून अंगठ्याने चाचपून पाहावे, अस्तर किती उरले होते ते कळते.