सावल्यांना भविष्य कळत नाही

एखाद्या समाजाचे पुढे काय होणार, हे त्याच्या सिनेमात आधीच उमटलेले असते का? जर्मन सिनेमापुरते 'हो' असे ठाम उत्तर देणारे एक पुस्तक गेली पाऊणशे वर्षे वाचले जाते आहे. झीगफ्रीड क्राकाउअर हा 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग'चा चित्रपट-समीक्षक. ज्यू असल्यामुळे १९३३ साली त्याला देश सोडावा लागला. आधी पॅरिस, मग अमेरिका. तिथे १९४७ साली त्याने 'कॅलिगारी ते हिटलर' या त्या पुस्तकात आपला सिद्धान्त मांडला. कॅलिगारी, नोस्फेराटू, डॉ. माबुझे अशी जुलमी, भुरळ घालणाऱ्या सत्ताधीशांची रांगच १९२०च्या दशकातल्या जर्मन पडद्यावर उभी आहे. हिटलर येण्याआधीच जर्मन मनाने त्याची तालीम करून ठेवली होती, असे त्याचे म्हणणे.

घर, भाषा, देश सगळे गमावलेल्या माणसाने हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे. अडचण एवढीच, की घडून गेल्यावर सांगितलेले भविष्य कधीच चुकत नाही.

त्याचा मुख्य साक्षीदार म्हणजे रॉबर्ट वीनेचा 'कॅलिगारी'. फेब्रुवारी १९२० मध्ये तो बर्लिनमध्ये झळकला. जत्रेत तंबू ठोकणारा विक्षिप्त म्हातारा, त्याच्या पेटीत निजलेला सीझर आणि रात्री गावात होणारे खून. घरे तिरपी, खिडक्या वाकड्या. कितीतरी सावल्या तर दिव्याने पडलेल्याच नाहीत, सरळ नेपथ्यावर रंगवलेल्या. अखेर उलगडते, की हा म्हातारा वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख आहे. मग आणखी एक धक्का बसतो : ही गोष्ट सांगणारा तरुणच त्या इस्पितळातला रुग्ण निघतो. क्राकाउअरच्या मते हान्स यानोविट्स आणि कार्ल मायर या लेखकांनी सत्तेचे वेड उघडे पाडणारी कथा लिहिली होती. निर्मात्यांनी तिला बाहेरून ही चौकट घातली आणि बंडखोरालाच वेडा ठरवले. म्हणजे जर्मनी शरण जायला तयारच होता!

हा आधार यानोविट्सच्या आठवणींचा होता. पुढे मूळ संहितेची एक प्रत हाती आली. तिच्यातही बाहेरची चौकट होतीच. पडद्यावरच्यापेक्षा वेगळी, पण होती. ही प्रत जपली होती कॅलिगारीची भूमिका करणाऱ्या वेर्नर क्राउसने. संहितेपेक्षा मला हा माणूसच जास्त बोलका वाटतो.

क्राउस जर्मनीतच राहिला. १९४० साली 'यूड झ्यूस' या ज्यूद्वेषी प्रचारपटात त्याने एक सोडून अनेक ज्यू पात्रे विद्रूप करून रंगवली. कॅलिगारीच्या हुकमावर चालणारा सीझर झाला होता कोनराड फाइट. त्याची पत्नी ज्यू होती. १९३३ साली तो तिच्यासह इंग्लंडला गेला. 'कासाब्लांका'तला नाझी मेजर स्ट्रासर तो हाच. पडद्यावर ज्याला स्वतःची इच्छाच नव्हती, त्याने प्रत्यक्षात स्वतःची वाट निवडली. आणि सगळी सूत्रे ज्याच्या हाती होती, तो दुसऱ्याच्या तालावर नाचला. 'जर्मन मन' या एकाच मापाने या दोघांना मोजायचे कसे?

आणखी एक दाखला : योसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'द ब्लू एंजल' हा १९३० चा बोलपट. कॅबरेतल्या गायिकेच्या नादी लागून धुळीला मिळणारा प्राध्यापक एमिल यानिंग्स, ती गायिका मार्लेने डीट्रिख आणि नाटक मंडळीचा मालक असलेला जादूगार कुर्ट गेरॉन. अभिनयाचे पहिले ऑस्कर मिळवलेला यानिंग्स नाझी राजवटीचा मानकरी झाला. डीट्रिखने अमेरिकन नागरिकत्व घेतले आणि युद्धात दोस्त सैनिकांसमोर गाणी म्हटली. गेरॉन ज्यू होता. टेरेझीनच्या छावणीत, तिथले जीवन कसे सुखाचे आहे हे दाखवणारा चित्रपट नाझींनी त्याच्याकडून करवून घेतला आणि १९४४ साली आउश्विट्झमध्ये त्याला मारले. पहिल्या दोघांपुढे निवड होती. गेरॉनपुढे तीही उरली नव्हती.

चित्रपटाचा अर्थही असाच कुणाच्या हाती पडेल त्याचा होतो. फ्रिट्झ लांगचा 'एम' १९३१ चा. आवाज नुकता हाती आलेला, पण लांगने तो हातचा राखून वापरला. एल्झीची आई जिन्यात हाका मारते. उत्तरादाखल रिकामा जिना, रिकामे ताट आणि तारांत अडकलेला फुगा. मुलींचा खुनी ओळखला जातो तो त्याच्या शिट्टीवरून, आणि ओळखणारा फुगेवाला आंधळा आहे. पोलिसांआधी त्याला शहरातले गुन्हेगार पकडतात आणि पडक्या कारखान्यात त्याच्यावर खटला भरतात. न्याय करायचा हक्क जमावाला आहे का, असा प्रश्न लांग आपल्यापुढे ठेवतो. खुनी झालेला पेटर लोरे ज्यू होता. १९३३ साली तोही देश सोडून गेला. १९४० साली 'डेर एविगे यूडे' या प्रचारपटात या खटल्यातली त्याची कबुली कापून डकवली गेली, 'ज्यू असा असतो' हे दाखवायला! दृश्य तेच, पण झुंडीला थांबवण्यासाठी रचलेले आता झुंड पेटवायला वापरले गेले.

लांगने स्वतःचा भूतकाळही मागाहून रंगवला. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने आपल्याला जर्मन सिनेमाचे प्रमुखपद देऊ केले आणि आपण त्याच रात्री पळालो, असे तो सांगत असे. त्याचा पासपोर्ट मात्र त्यानंतरच्या काही महिन्यांतल्या येण्याजाण्याचे शिक्के दाखवतो. 'मेट्रोपोलिस' आणि 'एम' लिहिणारी त्याची पत्नी थेआ फॉन हार्बो जर्मनीतच राहिली, नाझी पक्षात गेली. आणि त्याच काळात तिचा जोडीदार होता बेळगावकडचा पत्रकार अयी तेंडुलकर! पक्षाचा वंशसिद्धान्त एकीकडे, घरातला मराठी माणूस दुसरीकडे. युद्धाच्या सुमारास तेंडुलकर भारतात परतले, ती तिकडेच राहिली. हार्बोला खलनायिका म्हणून निकालात काढणे सोपे. पण मग तिच्या घराचा हिशेब लागत नाही. त्या घराकडे पाहून तिला माफ करावे, तर पक्षाचा लागत नाही.

क्राकाउअरचे सगळेच चुकले असे नाही. हरलेल्या युद्धातून, चलन मातीमोल झालेल्या वर्षांतून आलेली भीती या चित्रपटांत खचितच आहे. पण भीतीला आकार देणे वेगळे आणि तिच्यापुढे शरण जाणे वेगळे. २९ मार्च १९३३ रोजी उफा या चित्रपट कंपनीच्या संचालकांनी ज्यू कर्मचाऱ्यांना काढण्याचा निर्णय घेतला. तो कुठल्या सामूहिक स्वप्नातून आपोआप उगवला नाही. तो बैठकीत, नावे घेऊन झाला. सगळा दोष समाजमनावर टाकला, की त्या बैठकीतले सगळे सुटतात आणि पडद्यावरच्या सावल्या आरोपी ठरतात.

आपल्याकडेही हल्ली कुठलाही चित्रपट चालला, की दुसऱ्या दिवशी समाजाची कुंडली मांडली जाते. मांडावी, पण तिच्यात ग्रह म्हणून माणसांची नावे हवीत. पैसे कोणी घातले, कोणी लिहिले, कोणी नकार दिला, कोणाला काढले आणि काढणाऱ्याने सही कुठे केली, हे आधी विचारावे. समाज कुठे चालला आहे, याचे उत्तर तिथे जास्त नेमके मिळते.