कारण आणि दोष

‘करावे तसे भरावे’ ही म्हण आपल्या मनात इतकी मुरलेली आहे की, कुणी आजारी पडल्याचे कानी येताच त्याने काय ‘केले’ असावे याचा शोध आपण नकळत सुरू करतो. छातीचा विकार असेल तर विडी, मधुमेह असेल तर गोडधोड आणि यकृताचा असेल तर दारू! शेजारपाजारच्या या न्यायालयात साक्षीपुराव्यांची गरज भासत नाही. परंतु रोगाचे कारण शोधणे आणि रोग्याचा दोष शोधणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

ही म्हण जेथे अडखळते असा एक विकार पाहू. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. दाह हा मुळात शत्रू नव्हे. तो शरीराचा राखणदार आहे. जंतूंचा बंदोबस्त झाला की त्याने शमावे, ही अपेक्षा. तो शमला नाही आणि आपल्याच पेशींवर उलटला, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होते. शरीर स्वतःवर असे शस्त्र चालवणार नाही, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिश या थोर संशोधकाची धारणा होती. पुढे १९५० साली स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण स्त्रियांमधील दीर्घकालीन यकृतदाहाचे वर्णन केले. १९५६ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकाय यांनी त्यामागे प्रतिकारशक्तीचा हात असल्याचे सुचवले आणि १९६५ मध्ये ‘ऑटोइम्यून हेपटायटिस’ हे नाव पुढे आणले. स्टिरॉइडने अशा रुग्णांचे प्राण वाचतात, हे १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील चाचणीने दाखवून दिले.

उपचार सापडला, मूळ कारण मात्र आजही पूर्णपणे हाती आलेले नाही. काही जनुकांमुळे धोका वाढतो. पण तीच जनुके असलेले असंख्य लोक निरोगी राहतात. पित्तनलिकांच्या अशाच एका विकाराचे इंग्लंडमधील शेफिल्ड येथील बहुतेक रुग्ण एकाच जलाशयाचे पाणी पीत होते, असे १९८० मध्ये आढळले. पाणी तपासले, पण दोषी पदार्थ सापडला नाही. अनुवंश, परिसर आणि योगायोग यांचे धागे येथे असे गुंतलेले आहेत की, एकालाच गुन्हेगार ठरवणे अशक्य व्हावे.

मग रुग्णाच्या वाट्याला काय येते? पित्तनलिकांच्या या विकाराच्या नावात पूर्वी ‘सिऱ्हॉसिस’ हा शब्द होता. हा रोग प्रामुख्याने स्त्रियांना होतो आणि दारूशी त्याचा संबंध नाही. तरीही या एका शब्दामुळे थेंबही न घेतलेल्या बायकांकडे संशयाने पाहिले जाई. रुग्णांनी आवाज उठवला आणि २०१५ मध्ये तो शब्द वगळून ‘कोलान्जायटिस’ हा शब्द स्वीकारण्यात आला. एका शब्दाने इतके दुखावता येते, हे मान्य करण्यास वैद्यकाला कित्येक दशके लागली.

येथे मात्र थांबून स्वतःला एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. ‘ती बिचारी पीत नव्हती’, असे म्हणून आपण तिला निर्दोष सोडतो, तेव्हा जो खरोखरच पीत होता त्याला आपण काय ठरवतो? आपली करुणा चारित्र्याचा दाखला पाहूनच दार उघडणार काय? तसे असेल तर ती करुणा नव्हे, ते बक्षीस झाले. दारूने यकृत गेलेल्या माणसाच्या पोटात साचणारे पाणी आणि त्याच्या घरच्यांची झोपमोड दुसऱ्या कुणापेक्षा हलकी नसते.

याचा अर्थ कृतीला परिणाम नसतो, असा मुळीच नाही. कोविडच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही रुग्णांना यकृतदाह झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद बाजूला ठेवला तरी अशा वेळी डॉक्टरांनी ‘काय काय घेत होता?’ असे विचारणे अगत्याचेच असते. दारूविषयीही त्यांनी विचारलेच पाहिजे. पण तो प्रश्न पुढच्या उपचारासाठी असतो आणि म्हणूनच रुग्ण त्याचे खरे उत्तर देऊ शकतो. हाच प्रश्न शेजाऱ्याच्या तोंडी आरोप बनला की रुग्ण गप्प बसतो, आजार लपवतो आणि डॉक्टरकडे उशिरा पोहोचतो. यकृताचे बहुतेक विकार आधीच मुकाट्याने वाढतात. त्यात लज्जेचे मौन मिळाले की हानी दुप्पट होते.

कारणाची दृष्टी पुढे असते, दोषाची मागे. कारण शोधणारा ‘आता काय करता येईल?’ असे विचारतो. दोष शोधणारा ‘माझ्यावर ही पाळी येणार नाही ना?’ याची खात्री करून घेतो. परक्याच्या दुःखाचा हिशेब जुळवण्याची घाई आपल्याला होते, ती बहुधा या भीतीपोटीच. म्हणून पुढच्या वेळी कुणाच्या घरी यकृताचा आजार शिरल्याचे समजले, तर तो कशाने झाला हे डॉक्टरांना शोधू द्यावे. आपण जेवणाचा डबा कोणत्या दिवशी आणू, एवढेच विचारावे.