मागणे म्हणजे हाव नव्हे

नव्या नोकरीच्या बोलणीत पगाराचा विषय निघाला की आपल्या घरांतील मुले संकोचतात. मागणे म्हणजे हाव, असे आपणच त्यांना शिकविले आहे. हे खरे आहे काय?

आपल्या नागपुरात १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात-भरपाई सुरू केली. कायद्याची सक्ती नसतानाही कामगाराच्या उद्याचा विचार त्यांनी वेतनात धरला. मधल्या काळात, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले की, गरजेपोटी दिलेला होकार अपुऱ्या वेतनाला न्याय्य ठरवीत नाही.

म्हणून बोलणीपूर्वी आपण घरखर्चाचा हिशेब मांडावा, तशाच कामाला इतरत्र काय मिळते ते जाणून घ्यावे. भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांविषयी विचारावे; ठरेल ते लेखी घ्यावे. मात्र मागील पगार फुगवून सांगू नये. न्याय मागणाऱ्याला असत्याचा आधार घेता येत नाही.

आणि उद्या आपल्याकडील मोलकरणीने पगार वाढवून मागितला, तर तिच्या मागण्याला आपण काय म्हणणार आहोत?